विहिरीचें पाणी उपसण्यास कोणती शक्ति स्वस्त?

अलीकडे सभासदांच्या बोलण्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. विजेची तार जेथें पोंचलेली नाहीं अशा ठिकाणीं विहिरीचें पाणी उपसण्यास डिझेलचें इंजिन बरें कीं उन्हावर चालणारा सौरपंप बरा; आणि शेणाच्या गॅसवर इंजिन चालतें असें म्हणतात, तें कितपत परवडतें? प्रश्न साधा आहे. परंतु त्याला मिळणारीं उत्तरें बहुधा विकणाऱ्याच्या तोंडचीं असतात. इंजिन विकणारा इंजिनाची किंमत सांगतो व डिझेलचें नांव काढीत नाहीं. सौरपंप विकणारा इंधनाचा खर्च शून्य म्हणून सांगतो व भांडवलाचें नांव काढीत नाहीं. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली असल्यामुळें यंत्रशास्त्राचें आमचें ज्ञान बेताचेंच आहे. तथापि जमा आणि खर्च एकाच पानावर समोरासमोर मांडल्याशिवाय बेरीज करूं नये, एवढें त्या दप्तरानें शिकविलें. त्याच रीतीनें हा प्रश्न येथें मांडून पाहण्याचें योजिलें आहे.

आरंभीं एक गोष्ट सांगून टाकिली पाहिजे. ज्यांच्या विहिरीवर साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा विजेचा पंप आहे, त्यांना राज्य शासनानें एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांकरितां वीज विनामूल्य केली आहे. फुकट वस्तूशीं कोणत्याच वस्तूची तुलना होऊं शकत नाहीं. यास्तव अशा सभासदांनीं हा लेख येथेंच सोडला तरी त्यांचें नुकसान होणार नाहीं. (पांच वर्षें संपतात, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.) आमचें लक्ष आहे तें पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांतील पाड्यांवर, आणि चांदवड, नांदगांव, येवला इकडील माळावरच्या एकाकी वस्त्यांवर. जोडणीचा अर्ज करून थांबलेल्या शेतकऱ्यांस आतां तारेऐवजीं बहुधा सौरपंपच दाखविला जातो, तेव्हां त्यांचाही समावेश यांतच करावा. पश्चिमेस इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेस येवल्याकडे त्याचा पांचवा-सहावा हिस्सा. तरी फाल्गुन-चैत्रांत दोन्हीकडच्या विहिरींचा तळ दिसतो. हा तळ पुढें हिशेबांत येणार आहे.

तुलना करावयाची तर माप एक पाहिजे. एक एकर रानावर एक इंच पाणी उभें राहिलें तर तें सुमारें एक लक्ष लिटर भरतें. यालाच आपण एकर-इंच म्हणूं. आतां एक अश्वशक्ति म्हणजे एका सेकंदांत पंचाहत्तर किलो वजन एक मीटर उंच नेण्याची शक्ति. विहिरीची खोली व नळींतील घर्षण मिळून दहा मीटर, म्हणजे सुमारें तेहतीस फूट, उंची धरली तर एक अश्वशक्ति तासाभरांत सत्तावीस हजार लिटर पाणी वर आणील. परंतु पंप व नळ्या यांत निम्मी शक्ति वाया जाते असें धरणें शहाणपणाचें होय. अर्थात् साडेतेरा हजार लिटर पदरांत पडेल, आणि एका एकर-इंचास सुमारें साडेसात अश्वशक्ति-तास लागतील. पुढील सर्व आंकडे याच पायावर उभे आहेत. ज्याची विहीर साठ फूट खोल आहे त्यानें ते जवळजवळ दुप्पट करून घ्यावे.

जुन्या माणसांना मोटेची आठवण अजून गोड वाटते. पहांटेची धांव, नाड्याचा करकराट, थारोळ्यांत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, हें सर्व खरें. परंतु दीडशें लिटरांची मोट आणि मिनिटाला एक फेरी असें धरलें तरी तासाला नऊ हजार लिटर, म्हणजे एका एकर-इंचास अकरा तास होतात. बैलांचा व माणसाचा तो दीड दिवस झाला. बैलजोडी व तिचा धनी यांचा रोज आज हजार रुपयांच्या खालीं कोठें मिळतो? तेव्हां मोटेनें उपसलेलें पाणी एकर-इंचास दीड हजारांच्या घरांत जातें. बैलाच्या चाऱ्याचा हिशेब मागील पिढीनें केला नाहीं, कारण चारा घरचा होता व बैल नांगरासाठीं ठेवावाच लागे. आज ती स्थिति नाहीं. मोटेचा विषय येथेंच आटोपतों.

१९४६ सालीं पुण्यांत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत विहिरींवरच्या मोटा एकेक करून थांबल्या. हें इंजिन आजही अनेक शेडांत उभें आहे, आणि त्याची निंदा करण्याची जी टूम निघाली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. वापरून जुनें झालेलें इंजिन दर अश्वशक्तीस तासाला पाव लिटर डिझेल खातें असें धरावें. म्हणजे एकर-इंचास दोन लिटरांस थोडें कमी. २०२२ पासून डिझेलचा भाव लिटरास नव्वद रुपयांच्या आगेंमागें आहे. म्हणून इंधनाचे एकशें सत्तर आणि तेलपाणी, दुरुस्ती व झीज यांचे तीस, असे दोनशें रुपये होतात. रब्बी कांद्यास लावणीपासून काढणीपर्यंत वीस इंच पाणी धरलें तर एका एकरास चार हजार रुपये. रक्कम लहान नाहीं. पण तिचा एक गुण असा कीं, ज्या वर्षीं विहिरीला पाणी नाहीं व कांदा लावला नाहीं, त्या वर्षीं ती मुळींच खर्ची पडत नाहीं. इंजिन उगीच उभें राहिलें तर फारसें खात नाहीं.

शेणाच्या गॅसचा हिशेब थोडा निराळा आहे. दोन घनमीटरांच्या संयंत्रास रोज सुमारें पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पांच जनावरें, पाहिजेत. एका अश्वशक्तीस तासाला साधारण अर्ध्या घनमीटरास थोडा कमी गॅस लागतो, आणि पेट घेण्यासाठीं थोडें डिझेल बरोबर द्यावेंच लागतें. म्हणजे पांच अश्वशक्तीचें इंजिन तास पुरा होण्यापूर्वींच सबंध दिवसाचा गॅस संपवितें. तेवढ्यांत साठ हजार लिटरांच्या आसपास पाणी येतें. पैशांत पाहिलें तर यांत तोटा नाहीं, उलट वांचलेलें डिझेल हें वांचलेल्या सिलिंडरापेक्षां किंचित् अधिकच मोलाचें ठरतें. परंतु त्या दिवशीं घरांतली चूल लाकडावर पेटते, आणि तें लाकूड कोणाच्या डोक्यावरून घरीं येतें हें आमच्या डोंगरी भागांतील वाचकांस सांगावयास नको. म्हणून गॅस स्वयंपाकासाठीं ठेवावा व मागें राहणारी मळी शेतास द्यावी, असेंच आमचें मत आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. तीन अश्वशक्तीच्या सौरपंपास तीन हजार वॅटांचीं पॅनेलें लागतात. केंद्रीय मंत्रालयाचें प्रमाण असें आहे कीं, दहा मीटर उंचीस दर वॅटमागें दिवसाला नव्वद ते शंभर लिटर पाणी यावें. धूळ, विरळ ढग वगैरे धरून आपण तीन हजार वॅटांस अडीच लक्ष लिटर, म्हणजे दिवसाला अडीच एकर-इंच, धरूं. अशा संचाची सर्व मिळून किंमत दोन लक्ष रुपयांच्या आसपास पडते. पॅनेलें वीस वर्षें टिकतात असें मानून वर्षाची झीज दहा हजार. गुंतलेल्या रकमेवरील व्याज सरासरीनें आठ हजार. आणि पंप व कंट्रोलर मध्यें एकदां बदलावे लागतील त्यासाठीं व किरकोळ दुरुस्तीसाठीं चार हजार. एकूण वर्षाला बावीस हजार. पाऊस पडो न पडो, कांदा लावा न लावा, हे बावीस हजार चढतच राहतात.

येथें थोडें थांबावें. एक एकर कांद्याला वीस इंच पाणी पाहिजे, आणि हा पंप दिवसाला अडीच इंच देतो. म्हणजे वर्षाचें सबंध काम पुऱ्या आठ दिवसांचें झालें! उरलेले तीनशें सत्तावन्न दिवस तीं पॅनेलें उन्हांत चकाकत उभीं राहतात. बावीस हजारांस वीस इंचांनीं भागलें तर एका एकर-इंचास अकराशें रुपये पडतात, म्हणजे डिझेलच्या साडेपांच पट. उलट हाच पंप वर्षांत एकशें दहा एकर-इंच पाणी उपसूं लागला, म्हणजे पुरे चव्वेचाळीस दिवस काम करूं लागला, कीं तो इंजिनाच्या बरोबरीस येतो. आणि त्यापुढें प्रत्येक दिवशीं इंजिनाच्या पुढें जातो. तेव्हां डिझेल महाग कीं ऊन स्वस्त, हा वाद फोल आहे. विचारावयाचें तें एवढेंच कीं, तुमचा पंप वर्षांत किती दिवस काम करणार?

दिंडोरीकडील द्राक्षाच्या बागेस वर्षांतील बहुतेक महिने पाणी लागतें. तेथें चव्वेचाळीस दिवस सहज भरतात. गांवाच्या पिण्याच्या पाण्याचेंही तसेंच. डोंगरी पाड्यांवर विंधणविहिरींत लहान सौरपंप बसवून वर टांकी बांधण्याच्या ज्या योजना झाल्या आहेत, त्यांत पंप रोज चालतो, आणि बाईच्या डोक्यावरचा हंडाही उतरतो; तेथें सौरशक्तीस तोड नाहीं. परंतु सुरगाण्याच्या शेतकऱ्याची विहीर माघांतच तळाला जाते, आणि त्याचें रान दीड एकर. त्याच्या पंपाचे चव्वेचाळीस दिवस कोठून भरणार?

यावर कोणी म्हणेल, ‘‘हा हिशेब पुऱ्या किंमतीचा झाला, शेतकऱ्याला ती कोठें द्यावी लागते?’’ खरें आहे. २०१९ सालीं केंद्र शासनानें कुसुम योजना काढली, आणि २०२४ सालीं आपल्या राज्यानें ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना सुरू केली. तींत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा. अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा. पांच वर्षें दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ति, पांच एकरांपर्यंत पांच, व त्यावर साडेसात, असें प्रमाण ठरलें आहे. या रीतीनें शेतकऱ्यावर पडणारा भार वर्षाला पांच हजारांच्या आंतबाहेर येतो, आणि एकर-इंच अडीचशें रुपयांस पडतो. इंजिनापेक्षां किंचित् महाग, पण धूर नाहीं, हँडल मारणें नाहीं, डबा घेऊन पेट्रोल पंपावर जाणें नाहीं. शेतकऱ्यानें तो घ्यावा यांत नवल नाहीं, आणि ज्याला मिळतो आहे त्यानें नाकारावा असेंही आम्ही म्हणत नाहीं.

परंतु राहिलेले वर्षाचे सतरा हजार कोठें गेले? ते नाहींसे झाले नाहींत. ते खजिन्यांतून गेले. ज्यानें तीस-बत्तीस वर्षें शेतसाऱ्याच्या पावत्या फाडल्या, त्याला खजिन्याचा रुपया फुकटचा वाटत नाहीं. त्या सतरा हजारांत शेजारच्या पाड्यावरील ज्या शेतकऱ्याचा अर्ज अजून पडून आहे त्याचाही वांटा आहे. एका शिवारांत पांच विहिरी, पांचही विहिरींवर पांच पंप, आणि प्रत्येक पंप आठ दिवसांचें काम करून तीनशें सत्तावन्न दिवस उभा. आणि ओढ्यापलीकडे एकही पंप नाहीं, अशी स्थिति आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे.

विहिरीकडूनही हाच हिशेब पहावा. वीस फूट व्यासाच्या विहिरींत पंधरा फूट पाणी असेल तर तें सव्वा ते दीड लक्ष लिटर भरतें. तीन अश्वशक्तीचा पंप स्वच्छ उन्हांत तें चार तासांच्या आंत संपवितो. आपल्या काळ्या पाषाणांतील झरे मंद असतात. विहीर पुन्हां भरण्यास एक-दोन दिवस जातात. म्हणजे कांद्याच्या भर हंगामांतही दुपारनंतर पंप कोरडाच पडतो. सूर्य उदार खरा, पण विहीर तितकी उदार नाहीं. पंप मोठा घेतल्यानें पाणी वाढत नाहीं, हें लिहिण्याची गरज पडूं नये. परंतु साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळावा म्हणून नोंदींची जुळवाजुळव करूं पाहणारे लोक कचेरीच्या पायऱ्यांवर आम्हीं पाहिले आहेत.

यावर आमची सूचना अशी आहे. पांच शेजारी, प्रत्येकाचा एक एकर कांदा व प्रत्येकाची एक विहीर, अशी कल्पना करावी. त्यांत एकच तीन अश्वशक्तीचा संच असावा, आणि त्याचीं पॅनेलें चाकांच्या गाड्यावर बसविलेलीं असावीं. दर दहा-बारा दिवसांनीं पांच एकरांस दोन-दोन इंच, म्हणजे दहा एकर-इंच, पाणी द्यावयाचें. रोज अडीच इंच या प्रमाणें शक्तीचें काम चार दिवसांचें आहे; विहिरी भरण्यास थांबावें लागलें, एका विहिरीवरून दुपारीं दुसरीवर जावें लागलें, तरी सात-आठ दिवसांत फेरा पुरा होतो. हंगामांत एकूण शंभर एकर-इंच. बावीस हजार रुपये पांचांत वांटले तर प्रत्येकास चार हजार चारशें, म्हणजे एकर-इंचास दोनशें वीस रुपये. आणि हें अनुदानाचा एक पैसाही न धरतां! इंजिनाच्या दराशीं केवळ वीस रुपयांचें अंतर राहतें. दहावा हिस्साच भरावा लागला तर प्रत्येकाचा वर्षाचा भार एक हजारावर येतो, आणि खजिन्याचे चार पंप ओढ्यापलीकडे जाण्यास मोकळे होतात. शिवाय उन्हाळ्यांत, विहिरी आटल्यावर, हाच गाडा गांवांत आणून त्यावर पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवितां येईल. त्यासाठीं निराळ्या जातीचा कंट्रोलर मिळतो व केंद्राच्या योजनेंत त्याला मुभाही आहे. असें झालें म्हणजे चव्वेचाळीस दिवसांची अट केव्हांच मागें पडते.

‘‘पांच भाऊबंद एका पंपावर म्हणजे पांच भांडणें,’’ हा आक्षेप येणार हें आम्ही जाणतों. भांडणांचीं दप्तरें आम्हीं इतरांहून अधिक चाळलीं आहेत. परंतु त्याच दप्तरांत दुसरीही एक गोष्ट आढळते. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यांत ‘विहिरींत चार आणे हिस्सा’, ‘विहिरींत निम्मा हिस्सा’ अशा नोंदी गांवोगांव सांपडतात. बापाची एक विहीर, चार मुलगे, आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. असें दोन-दोन पिढ्या चाललेलें आहे. कज्जा कचेरींत येतो तेव्हां त्याचा बोभाटा होतो. जेथें पाळी सुरळीत चालते तेथला कागद कधीं कचेरींत येतच नाहीं, म्हणून आपणांस वाटतें कीं सामाईक म्हणजे भांडणच. बागलाणांत मोसम व आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांची फड पद्धति घ्या. इंधनाचा थेंब न लागतां पाटानें पाणी येतें, फडाफडानें पीक ठरतें, आणि शेतकऱ्यांनीं नेमलेला पाटकरी पाणी देतो. पाण्याच्या धन्यानें स्वतः दारें मोडावयाचीं नाहींत, हा तेथला दंडक. आज तीं नद्यांचीं पात्रें पूर्वीसारखीं वाहत नाहींत व फडही सर्वत्र राहिलेले नाहींत, परंतु त्यांचा ऱ्हास भांडणानें झाला असें कोणी म्हणत नाहीं.

इतकें मागेंही जावयास नको. दिंडोरी तालुक्यांतील वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटास असलेल्या शेतकऱ्यांस पाणी पोंचत नसे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ च्या सुमारास तेथें पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी एकरावर न घेतां मोजून घनमापानें घेण्याचें ठरलें, आणि पुढें सबंध प्रकल्पाचें पाणीवांटप संस्थांनीं आपल्या हातीं घेतलें. २००५ सालीं राज्यानें या विषयाचा कायदाही केला. शक्तीच्या बाबतींतही उदाहरण दूर नाहीं. जुन्नर तालुक्यांतील दरेवाडी या पाड्यावर २०१२ सालीं सुमारें साडेनऊ किलोवॅटांचें सौर वीजकेंद्र उभारलें गेलें. चाळीसाच्या आसपास घरें; प्रत्येक घरास मीटर; आणि गांवकऱ्यांच्या विश्वस्त मंडळानें वापराप्रमाणें पैसे जमवून देखभालीची व बॅटरी बदलण्याची तरतूद करावयाची, अशी घडण होती. दिवा व पंप यांत फरक आहे खरा. परंतु ज्यांना रात्रींच्या दिव्याचा हिशेब जमतो त्यांना दिवसाच्या पाण्याचा कां जमूं नये?

अडचणी मुळींच नाहींत असें नाहीं. पहिली अडचण सरकारी आहे. अनुदानाचा पंप एका खातेदाराच्या नांवें, त्याच्या सात-बारावर विहिरीची नोंद पाहून मिळतो. तो हलविण्याची वा दुसऱ्यास देण्याची मोकळीक नाहीं. अट घालणाऱ्याचा हेतु चांगला आहे, कारण ती नसती तर कांहीं पंप बाजारांत दिसले असते. तथापि कुसुम योजनेंत पाणीवापर संस्था व समूह यांनाही स्थान दिलेलें आहे. तें कलम खालीं तालुक्यापर्यंत उतरावें, आणि संस्थेच्या नांवें फिरता पंप मंजूर व्हावा, अशी मागणी आमच्या सोसायटीनें केली पाहिजे.

दुसरी अडचण बिघाडाची. आमच्या नात्यांतील एका शेतकऱ्याचा सौरपंप गेल्या माघांत बंद पडला. कंट्रोलर जळाला होता. कांदा पोसण्याचे दिवस. पुरवठादाराच्या फोनवर रोज नवें नांव उत्तर देई व ‘‘उद्यां माणूस येतो’’ म्हणे. तो माणूस सतराव्या दिवशीं आला. मधल्या काळांत शेजाऱ्याच्या शेडांतील जुनें इंजिन बैलगाडींत घालून आणलें, त्यावर दोन पाणी दिलें, आणि पीक वांचलें. त्या दोन पाण्यांच्या डिझेलसाठीं त्यानें किती मोजले हें त्यानें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारिलें नाहीं. म्हणून म्हणतों, इंजिन भंगारांत घालूं नये. पांचांच्या गटांत एक जुनें इंजिन राखीव असावें. खरिपांत पावसानें ताण दिला पण आभाळ मात्र भरून राहिलें, अशा दिवसांतही तेंच उपयोगीं पडेल.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून कोणी सांगत नाहीं, पण आम्हांस तीच अधिक भिववते. डिझेलच्या पंपाला स्वाभाविक लगाम असतो. डबा रिकामा झाला कीं हात आंखडतो. सौरपंप सकाळीं बटण दाबलें कीं सायंकाळपर्यंत चालतो, आणि थांबविण्याचें कारण कोणास दिसत नाहीं. सिन्नर, देवळा, चांदवड इकडे भूजल आधींच खोल गेलें आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल झाल्या, मग विंधणविहिरी आल्या, आणि प्रत्येक वेळीं शक्ति वाढली तसें पाणी खालीं गेलें. एकट्याच्या पंपाला ही अक्कल बाहेरून शिकवावी लागेल; पांचांच्या पंपाला पाळीच शिकविते, कारण चार तास झाले कीं दुसरा गाडा ओढावयास येऊन उभा राहतो. पंपावर तास मोजणारें यंत्र बसवावें व त्याची नोंद वहींत व्हावी.

हिशेबांत न बसणारी एक रक्कम मात्र सौरपंपाच्या जमेस धरलीच पाहिजे. ज्यांच्याकडे तार आहे त्यांची वीजही पुष्कळदां रात्रीं येते. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत उसांत बिबट्या राहतो. रात्रीं बॅटरी व काठी घेऊन दारें धरावयास निघालेल्या माणसाची घरांतलीं माणसें झोंपत नाहींत. दिवसा उजेडीं पाणी देतां येणें याचें मोल एकर-इंचास किती धरावें? आम्हांस तें काढतां आलें नाहीं. वरच्या हिशेबांत जें वीस रुपयांचें अंतर निघालें तें यांत कधींच बुडून गेलें, एवढें म्हणतों.

सोसायटीच्या व्यवस्थापक मंडळापुढें आम्हीं अशी विनंती ठेविली आहे कीं, येत्या रब्बींत एका शिवारांत पांच सभासदांचा एक गट करून हा प्रयोग करावा. यंत्राच्या रकमेचा निम्मा भाग सोसायटीनें कर्जाऊ द्यावा व निम्मा गटानें उभा करावा. अनुदान मिळालें तर उत्तम, न मिळालें तर वरचा हिशेब आहेच. विहिरी एकमेकींपासून गाडा ओढतां येईल इतक्या अंतरावर असाव्यात, मध्यें ओढा नसावा, आणि पांचांपैकीं निदान एकाकडे चालू स्थितींतील इंजिन असावें. अशा सभासदांनीं आपले गट क्रमांक, विहिरीची खोली व माघ महिन्यांतील पाण्याची पातळी हीं कोजागिरीच्या आंत कार्यालयांत लिहून द्यावींत. पाळ्यांची व तासांची वही पहिल्या हंगामांत आम्ही स्वतः ठेवूं, आणि तिची नक्कल याच मासिकांत छापण्यास देऊं. तींत नुकसान दिसलें तर तेंही छापावें.